दोन मैदाने, एक निवड

मराठी क्रीडालेखनातला ‘अष्टपैलू’ हा शब्द एकाच खेळाच्या चौकटीत वावरतो. दोन निरनिराळे खेळ खेळणाऱ्या व्यक्तीसाठी आपल्याजवळ रुळलेला शब्द नाही. स्त्रियांच्या क्रीडेतिहासाकडे पाहताना ही उणीव विशेष जाणवते. अशा खेळाडूने अखेर कोणता खेळ सोडला, एवढेच आपण विचारतो. ती निवड कोणी आणि कशाच्या बळावर ठरवली, हा प्रश्न मागे राहतो.

महिलांची पहिली राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा 1973 साली पुण्यात झाली, तेव्हा संघ होते अवघे तीन. त्या पिढीतल्या डायना एडलजी क्रिकेटपूर्वी बास्केटबॉल आणि टेबल टेनिस खेळत असत. 1976 मध्ये त्यांनी वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी पदार्पण केले. क्रिकेटने त्यांना कीर्ती दिली, परंतु उपजीविकेचा आधार होता तो रेल्वेच्या नोकरीचा. खेळातून पोट भरण्याची शक्यताच नव्हती, तेव्हा एका खेळाशी बांधून घेण्याची सक्तीही नव्हती. त्या काळच्या मोकळेपणाला उपेक्षेची ही दुसरी बाजू होती, हे विसरून चालणार नाही.

मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज 2000 साली जन्मली. हॉकीत ती महाराष्ट्राच्या 17 आणि 19 वर्षांखालील संघांतून खेळली. त्याच वयात मुंबईच्या क्रिकेट संघातही आली. नोव्हेंबर 2017 मध्ये सौराष्ट्राविरुद्धच्या 19 वर्षांखालील एकदिवसीय सामन्यात तिने नाबाद 202 धावा केल्या आणि फेब्रुवारी 2018 मध्ये ती भारताकडून खेळली. हॉकी मागे पडली. तरी खाली वाकून चेंडू वळवणारे तिचे मनगट पाहिले, की पहिला खेळ दुसऱ्यात मुरला आहे असे आम्हांला वाटते. 2023 च्या महिला प्रीमियर लीगच्या लिलावात तिच्यावर 2 कोटी 20 लाखांची बोली लागली. 30 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबईत, विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, ऑस्ट्रेलियाने ठेवलेले 339 धावांचे लक्ष्य भारताने गाठले ते तिच्या नाबाद 127 धावांच्या जोरावर.

ऑस्ट्रेलियाची एलिस पेरी 2007 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, क्रिकेट आणि फुटबॉल अशा दोन्ही राष्ट्रीय संघांत आली. 2011 च्या फुटबॉल विश्वचषकात तिने गोलही केला. पुढे तिलाही क्रिकेटच निवडावे लागले. व्यावसायिकता खेळाडूला मान आणि धन देते. मोबदल्यात तिचे सारे वर्ष मागून घेते.

ज्या जिल्ह्यात तीन संघांनिशी ती स्पर्धा झाली, त्याच पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड तालुक्यांकडे वळले की या निवडीचा अर्थ पालटतो. तेथे लिलाव पोहोचत नाही. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे तळ आहेत; वर्दी हे गावोगावच्या मुलामुलींचे डोळ्यांसमोरचे स्वप्न. शाळेत खो-खो किंवा कबड्डी खेळलेली मुलगी पुढे पोलीस भरतीसाठी 800 मीटर धावते, गोळाफेक करते. तिच्याही वाट्याला दोन मैदाने येतात. मात्र पहिले आनंदाचे आणि दुसरे नोकरीचे.

जेमिमाची निवड इतिहासात नोंदली जाते, या मुलीची नाही. वस्तुतः दोघींपुढचा प्रश्न एकच आहे: कोणत्या खेळात जगता येईल? एकीला त्याचे उत्तर बाजाराने दिले, दुसरीला भरतीच्या जाहिरातीने. खो-खोत कमावलेला दम धावपट्टीवर कामाला येतो, पण खो-खो सुटतोच. स्त्रियांच्या खेळाचा इतिहास लिहिताना पदकांसोबत अशा सुटलेल्या खेळांचीही नोंद घ्यायला हवी. कारण सोडलेला खेळ हा नेहमीच अपयशाचा पुरावा नसतो. पुष्कळदा तो समाजाने काय देऊ केले नाही, याचा पुरावा असतो.