रक्तदान आणि मूळपेशीदान : नाव नोंदवा, पण बोलावणं आलं की जा

पौड : गणेशोत्सव, शिवजयंती नाहीतर पुढाऱ्याचा वाढदिवस आला की गावोगाव रक्तदान शिबिराचे मांडव पडतात. एका दिवसात पिशव्यांचा ढीग लागतो, फोटो निघतात, प्रमाणपत्रं मिळतात. हे चांगलंच आहे. पण रक्त म्हणजे कणगीत भरून ठेवायचं भात नव्हे.

रक्तपेढीत तांबड्या पेशी जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर ५ दिवसच. म्हणजे गणपतीत दिलेलं रक्त पुढच्या मे महिन्यात कोणाच्या कामाला येत नाही. उन्हाळ्यात कॉलेजं बंद असतात, पुढे जून-जुलैत मुळशीतली निम्मी माणसं भातलावणीच्या चिखलात असतात. पेशंट मात्र थांबत नाहीत. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. बाळंतपणातला रक्तस्राव किंवा रस्त्यावरचा अपघात तर सांगून येत नाही. म्हणून मंडळांनी एकाच दिवशी गर्दी करण्यापेक्षा वर्षभराच्या तारखा वाटून घेतल्या, तर त्याच रक्ताचा जास्त उपयोग होईल.

रक्त कोण देऊ शकतं?

वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ हवं. पुरुषांना तीन महिन्यांनी, महिलांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. एका वेळी ३५० किंवा ४५० मिली रक्त घेतात. उपाशीपोटी जाऊ नये. चालू औषधं, अलीकडचा ताप, कुत्रं चावल्यावर घेतलेली इंजेक्शनं, गोंदण हे सगळं डॉक्टरांना आधी सांगावं. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी व सी, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. कुठल्या रक्तपेढीत कोणत्या गटाचं रक्त शिल्लक आहे, हे सरकारच्या ई-रक्तकोष पोर्टलवर पाहता येतं.

‘बॉम्बे’ रक्तगट

१९५२ साली मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक वेगळाच गट शोधला. साध्या तपासणीत तो ‘ओ’ वाटतो, पण त्या माणसाला ‘ओ’ गटाचं रक्त चालत नाही. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. असं रक्त फ्रीजमध्ये तयार मिळेलच असं नाही, फोन करून दाता बोलवावा लागतो. ज्याच्या अंगात ते आहे, तोच त्या पेशंटची पेढी.

मूळपेशीदान म्हणजे काय?

ब्लड कॅन्सर, थॅलेसेमिया, मज्जा सुकण्याचा आजार यांत नुसतं रक्त देऊन भागत नाही. रक्त तयार करणाऱ्या मूळपेशीच (स्टेम सेल) बदलाव्या लागतात. भारतात असं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. नऊ वर्षांच्या मुलीला तिच्याच भावाची अस्थिमज्जा दिली होती.

पण सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एकच. आता अर्धी जुळणी असलेल्या आई-वडिलांच्या पेशीही काही वेळा वापरतात. तरीही पुष्कळांना बाहेरचा दाता शोधावा लागतो. त्यासाठी ‘दात्री’, ‘डीकेएमएस इंडिया’ या संस्था नोंदणी करतात. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की नमुना झाला. सुईसुद्धा लागत नाही.

मणक्याला हात लावत नाहीत

खरी भीती इथं असते. ‘मणक्यातून पाणी काढतात, माणूस कायमचा अधू होतो’ असं गावात बोललं जातं. ते खरं नाही. बहुतेक वेळा चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, मग हातातून रक्त काढून यंत्रातून पेशी वेगळ्या करतात आणि उरलेलं रक्त परत देतात. याला चार-सहा तास लागतात. काही वेळा भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा घेतात, मणक्यातून नाही. अंगदुखी, डोकेदुखी होते, ती थोड्या दिवसांत जाते. दिलेल्या पेशी काही आठवड्यांत भरून निघतात. खर्च दात्यावर पडत नाही.

नाही म्हणायचं तर आधीच

प्रत्यारोपणाआधी पेशंटची स्वतःची मज्जा औषधांनी संपवतात. त्यानंतर दात्याने पाय मागे घेतला, तर पेशंटचा जीव जाऊ शकतो. म्हणून नोंदणीआधीच आई-वडील, नवरा-बायको यांच्याशी बोलून घ्यावं. मन तयार नसेल तर नाव देऊ नये, त्यात कमीपणा नाही. आणि नाव दिलंच, तर मोबाईल नंबर बदलल्यावर संस्थेला आठवणीने कळवावं. बोलावणं कधीकधी पाच-दहा वर्षांनी येतं, आणि ते त्याच नंबरवर येतं.