कक्षीय टॉर्क

कक्षीय टॉर्क : इलेक्ट्रॉनांच्या कक्षीय कोनीय संवेगाचा प्रवाह चुंबकीय थरात शिरून त्याची चुंबकनदिशा उलटवतो, तो परिणाम. एमरॅम या चुंबकीय स्मृतीत माहिती लिहिण्याचा विजेचा खर्च घटवण्यासाठी त्याचा अभ्यास होतो.

एमरॅमच्या एका बिटात दोन चुंबकीय थर असतात आणि त्यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडचा जेमतेम नॅनोमीटरभर जाडीचा विद्युतरोधक पापुद्रा. दोन्ही थरांचे चुंबकन एका दिशेला असले की रोध कमी, विरुद्ध असले की जास्त. त्यावरून ० की १ ते कळते. वीज गेली तरी माहिती टिकते. वाचायला फारशी वीज लागत नाही, लिहायला लागते. जॉन स्लोन्चेव्स्की आणि लुक बर्जर यांनी १९९६ साली स्वतंत्रपणे मांडलेल्या स्पिन-हस्तांतर (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनाचा अंगभूत कोनीय संवेग) पद्धतीत लिहिण्याचा प्रवाह या नाजूक पापुद्र्यातूनच जातो आणि त्याला झिजवतो. नंतरच्या स्पिन-कक्षा टॉर्क पद्धतीत प्रवाह चुंबकाखालच्या धातूतून आडवा वाहतो व त्यातून निघालेला स्पिनचा प्रवाह वर चढतो. पापुद्रा वाचतो, पण त्यासाठी प्लॅटिनम, टँटलम, टंगस्टन असे जड धातू लागतात.

इलेक्ट्रॉनाच्या कक्षेचाही कोनीय संवेग असतो. स्फटिकात तो दबलेला असतो, म्हणून तो जमेस धरण्याचे कारण बराच काळ कुणाला वाटले नाही. समतोलातल्या पदार्थाबाबत हे खरेच आहे. विद्युतक्षेत्र लावल्यावर मात्र विरुद्ध कक्षीय संवेगाचे इलेक्ट्रॉन विरुद्ध कडांकडे सरकतात. हाच कक्षीय हॉल परिणाम. बर्नेविग, ह्यूज आणि झांग यांनी २००५ मध्ये सिलिकॉनसाठी त्याचे भाकीत केले. त्याला जड अणू लागत नाहीत, हे दक्षिण कोरियातील डाँगवुक गो, ह्यून-वू ली व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवले, आणि २०२३ मध्ये टिटॅनियम या हलक्या धातूत तो प्रकाशीय मापनाने प्रत्यक्ष दिसला.

खरा पेच पुढे आहे. चुंबकन थेट जोडलेले असते ते स्पिनशी. कक्षीय संवेगाचे आधी स्पिनमध्ये रूपांतर व्हावे लागते. हे काम चुंबकातली किंवा मधल्या एखाद्या जड थरातली, स्पिन आणि कक्षा यांना जोडणारी स्पिन-कक्षा आंतरक्रिया करते. त्यामुळे धातूइतकीच चुंबकाची निवडही निर्णायक ठरते आणि निकेल येथे विशेष उपयोगी पडते. जर्मनीतील माइन्झ विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०२५ मध्ये कोबाल्ट-निकेलच्या एकाआड एक थरांखाली कक्षीय प्रवाहासाठी रुथेनियम वापरले. नुसत्या प्लॅटिनमच्या तुलनेत टॉर्कची कार्यक्षमता सुमारे ३० टक्के वाढली आणि चुंबकन उलटवणारा प्रवाह सुमारे २० टक्के घटला. त्यासाठी लागणारी शक्ती ६० टक्क्यांहून जास्त कमी झाली. ही मोजणी एखाद्या निवडक नमुन्यावरची नसून अडीचशेहून अधिक उपकरणांवरची आहे, म्हणून तिला वजन आहे.

स्पिन-कक्षा पद्धतीच्या दोन जुन्या अडचणी मात्र येथेही राहतात. लंब दिशेचे चुंबकन ठरावीक बाजूला उलटवायला सहसा बाहेरून लहानसे चुंबकीय क्षेत्र लावावे लागते. शिवाय लिहिण्याची आणि वाचण्याची वाट वेगळी असल्याने प्रत्येक बिटाला साधारणपणे दोन ट्रान्झिस्टर लागतात व चिपवर जागा अधिक जाते.