पानांवरून पोषणनिदान : धानाची बांधी आणि मातीविना शेती

पिकाच्या पानाचा रंग, त्यावरचे डाग, करपलेली टोके आणि कडा पाहून कोणते अन्नद्रव्य कमी किंवा जास्त पडले हे ओळखण्याची रीत. वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्ह्यात तिचा उपयोग मुख्यतः धानाच्या बांधीत होतो. नळ्यांतून वाहणाऱ्या द्रावणावर पालेभाजी घेणाऱ्यांनाही तिचेच नियम लागू पडतात, कारण दोन्हीकडे मुळे पाण्यात असतात. चूकही दोन्हीकडे एकच होते. पान पिवळे दिसले की खत कमी पडले असे धरले जाते. प्रत्यक्षात पुष्कळदा बांधीतले पाणी काढायचे असते किंवा द्रावण पातळ करायचे असते, आणि अशा वेळी टाकलेले खत पिकाच्या मुळावर येते.

निदानाचा पहिला प्रश्न रंगाचा नसून जागेचा असतो : लक्षण आधी कोणत्या पानावर आले? नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये रोपात फिरती असतात. तुटवडा पडला की रोप ती जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवते, म्हणून खालची पाने आधी खंगतात. कॅल्शियम, बोरॉन, लोह ही जिथे बसली तिथेच राहतात, त्यामुळे त्यांची उणीव शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर उमटते. नत्र कमी असेल तर खालचे सबंध पान टोकाकडून पिवळे पडते. पालाश कमी असेल तर जुन्या पानाचे टोक व कडा तपकिरी होतात. लोह कमी असेल तर नव्या पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. याला शेतकरी ‘केवडा पडला’ म्हणतात. जस्त मात्र या दोन गटांत नीट बसत नाही. त्याची खूण जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पानांवर सापडते.

जस्ताच्या कमतरतेने धानाला होणारा विकार म्हणजे खैरा. रोवणीनंतर दोन ते चार आठवड्यांत बांधीत मधेमधे चकंदळे पडल्यासारखी रोपे खुजी राहतात, फुटवे येत नाहीत, खालच्या पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके येऊन ते एकमेकांत मिसळतात. कोवळे पान बुडाशी उलगडून पाहिले तर मधली शीर पांढुरकी पडलेली दिसते. ही खूण बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण बुरशीजन्य तपकिरी ठिपक्यांच्या रोगात ती नसते. पंतनगर येथील वनस्पतिरोगतज्ज्ञ य. ल. नेने यांनी १९६६ मध्ये हा रोग जंतूचा वा बुरशीचा नसून जस्ताच्या अभावाचा आहे हे दाखवले. शेतातील पिकाच्या एखाद्या नावाजलेल्या रोगामागे जस्त असल्याचे सिद्ध करणारे हे काम भारतीय कृषिविज्ञानातील मोठ्या मोलाचे आहे, आणि धानपट्ट्यातील प्रत्येक शेतकऱ्यावर त्याचे ऋण आहे.

जमिनीत जस्त असूनही पिकाला ते न मिळण्याचे कारण बांधीच्या पाण्यात आहे. चिखलणी करून पाणी कोंडले की मातीतला प्राणवायू फार लवकर संपतो आणि तिचे रसायन पालटते : लोह विरघळून सुटे होते, जस्त मात्र अडकते. पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल किंवा स्फुरद भरमसाट दिले असेल तर ते आणखी अडकते. म्हणून खैरा दिसताच डीएपीसारख्या स्फुरदयुक्त खताचा हात आखडता घ्यावा आणि बांधीतले पाणी काही दिवस काढून टाकावे. सोबत हेक्टरी ५ किलो झिंक सल्फेट व २.५ किलो विरलेला चुना १,००० लिटर पाण्यात मिसळून फवारतात. चुना टाळला तर फवाऱ्यानेच पाने भाजतात. पुढच्या हंगामासाठी चिखलणीच्या वेळी हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट देण्याची शिफारस आहे. ते स्फुरदयुक्त खतात मिसळून देऊ नये.

याच पाण्याने उलट संकटही येते. टेकडीच्या पायथ्याच्या, झिरप्याच्या खोलगट आणि आम्लधर्मी बांधीत विरघळलेले लोह इतके वाढते की ते पिकाला विषारी ठरते. खालच्या पानांच्या टोकापासून बारीक तपकिरी ठिपके सुरू होतात, पुढे सबंध पान तांबूस-काशासारखे दिसते. वरवर पाहता हे खैऱ्यासारखेच भासते. अशा वेळी एक चूड उपटून मुळे धुवावीत. धान पानांतून मुळांपर्यंत हवा पोचवते, त्यामुळे निरोगी मुळावर लोहाचा पातळ तांबूस लेप असतो आणि नवी मुळे पांढरी असतात. लेप जाड, मुळे आखूड व खरखरीत असतील तर लोहाचा अतिरेक समजावा. मुळे काळी पडून सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर गंधकाचा विषारी वायू तयार झालेला असतो. दोन्हींवर पहिला उपाय पाणी काढून बांधीला हवा देणे हाच. पालाश पुरेसे असलेले पीक लोहाचा मारा जास्त सोसते.

करपलेल्या कडा पाहून पालाशची उणीव म्हणावी की कडा करपा, ही गफलत भंडाऱ्याच्या खरिपात सहज होण्यासारखी आहे. कडा करपा हा जिवाणूजन्य रोग. त्याचा पट्टा टोकाकडून कडेने खाली उतरतो आणि त्याची आतली रेघ नागमोडी असते. शंका मिटवायला एक काचेचा पेला पुरतो. पिवळा आणि हिरवा भाग जिथे मिळतो तिथे पान कापून तो तुकडा स्वच्छ पाण्यात उभा धरावा. जिवाणू असतील तर काही मिनिटांत कापलेल्या कडेतून दुधट धार खाली उतरताना दिसते. पालाशच्या उणिवेत पाणी नितळच राहते. फरक ओळखणे अगत्याचे आहे, कारण करप्याला नत्राचा जादा डोस मानवतो आणि पिवळ्या कडा पाहून टाकलेला युरिया रोगाला खतपाणी घालतो.

नत्राचा अंदाज डोळ्याने चुकतो, म्हणून पर्णरंग तक्ता वापरावा. प्लास्टिकच्या पट्टीवर फिकट ते गडद हिरव्या छटा असतात. रोवणीनंतर १४ दिवसांपासून फुलोऱ्यापर्यंत दर ७ ते १० दिवसांनी, सकाळच्या ठरावीक वेळी, स्वतःच्या सावलीत धरून १० रोपांचे सर्वांत वरचे पूर्ण उलगडलेले पान पट्टीशी जुळवतात. रोवणीच्या सुधारित वाणांत सहा किंवा अधिक पाने छटा क्रमांक ४ पेक्षा फिकट निघाली तरच नत्र द्यायचे. सुवासिक, लोळणाऱ्या वाणांना ३ ही मर्यादा धरतात. पान गर्द हिरवे, लांब व लुळे झाले असेल तर नत्र आधीच जादा झाले आहे, आणि करपा, तुडतुडे व लोळणे या तिन्हींची तयारी झाली आहे.

मातीविना शेतीत मातीचा आधार जातो आणि तिची उदारताही जाते. बांधीतली माती चुकलेला डोस काही अंशी सांभाळून घेते, टाकीतले पाणी तो थेट मुळापर्यंत पोचवते. क्नॉप आणि सॅक्स या शास्त्रज्ञांनी १८६० च्या सुमारास जर्मनीत क्षारांच्या द्रावणावर रोपे वाढवली, कॅलिफोर्नियात गेरिक यांनी १९३० च्या आसपास त्याची शेती करून दाखवली, आणि तिथल्याच होगलंड यांच्या द्रावणाचे प्रमाण आजही आधाराला घेतले जाते. त्यात लिटरमागे नत्र सुमारे २१० मिलिग्रॅम, पालाशातील पोटॅशियम २३५ मिलिग्रॅम, तर जस्त अवघे ०.०५ मिलिग्रॅम असते. तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून मँगनीजचे खनिज गाड्या भरभरून निघते. रोपाला मात्र द्रावणात ते लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम पुरते.

द्रावण तीव्र झाले की पानांची टोके जळतात. मीठ लावलेल्या कैरीच्या फोडीला पाणी सुटते तसेच मुळाचे होते : बाहेर क्षार जास्त असल्याने त्याला पाणी ओढता येत नाही. सुरुवातीला टोकाची एक-दोन मिलिमीटर रेघ पिवळी, मग तपकिरी व कडक होते, आणि बाकीचे पान गर्द हिरवे असते. उपासमारीत पान फिकट पडते, इथे ते गर्द राहते. हाच ओळखीचा धागा. विद्युत वाहकता, म्हणजे ईसी, मोजली की खात्री होते. लेट्यूसला १.२ ते १.८ डेसिसायमन प्रति मीटर पुरते, टोमॅटोला २ ते ३.५ चालते. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा रोप क्षारांपेक्षा पाणी जास्त वेगाने पिते आणि कुणी काही न टाकताही टाकीचा ईसी चढतो. अशा दिवसांत तूट साध्या पाण्याने भरावी. फार चढला तर द्रावण बदलावे. जळलेले टोक पुन्हा हिरवे होत नाही, म्हणून उपाय लागू पडला की नाही हे पुढच्या नव्या पानावरून ठरवावे.

पण प्रत्येक जळलेले टोक खताचे नसते. लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा काळ्या पडल्या तर कॅल्शियम तिथवर पोचत नाही असे समजावे, आणि त्याचे कारण बहुधा कोंदट हवेत असते. द्रावणात कॅल्शियम वाढवून उपयोग होत नाही, पंखा लावावा. बोअरच्या जड पाण्याने सामू (पीएच) ६.५ च्या वर गेला तर द्रावणात लोह असूनही केवडा पडतो, म्हणून सामू ५.५ ते ६.५ मध्ये ठेवतात. भर दुपारी रोपे मान टाकत असतील तर मुळे पाहावीत. २५ अंशाच्या पाण्यात प्राणवायू लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम मावतो, ३५ अंशाला तो ७ वर येतो, आणि मुळांना पिथियममुळे होणारी मूळकुज लवकर लागून ती तपकिरी, बुळबुळीत होतात. टाकीत युरिया घालू नये : जिवाणूंनी त्याचा अमोनियम केल्याशिवाय रोपाला त्याचा फारसा उपयोग नसतो, आणि साचलेला अमोनियम मुळांना इजा करतो. कॅल्शियम नायट्रेटचे तीव्र द्रावणही सल्फेट व फॉस्फेटच्या द्रावणापासून वेगळ्या डब्यात ठेवतात, नाहीतर तळाशी साका बसतो आणि पीक उपाशी राहते.

डोळ्याने निदान ठरत नसेल तेव्हा तपासणी करावी. धानात फुटव्यांच्या अवस्थेत सर्वांत वरच्या पूर्ण उलगडलेल्या पानात जस्त किलोमागे २० मिलिग्रॅमहून कमी असेल, किंवा मातीत उपलब्ध जस्त किलोमागे ०.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर उणीव समजतात. नमुना घेताना बिघडलेल्या चकंदळातील आणि शेजारच्या निरोगी रोपांची पाने वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत भरावीत, पानांवरची माती धुवावी, फवारणी झालेली पाने घेऊ नयेत. साकोली येथील कृषी विज्ञान केंद्रात नमुन्यांबद्दल मार्गदर्शन मिळते. सोबत बांधीत पाणी किती दिवस साचून होते आणि कोणते खत केव्हा टाकले हे लिहून द्यावे, कारण त्याशिवाय प्रयोगशाळेला आकड्याचा अर्थ लावता येत नाही.