लाकूड, लोखंड आणि मधली ओल

लोखंडी सांगाडा आणि वर लाकडी फळी अशी टेबले, बाके व जिने हल्ली नव्या घरांतून सर्रास दिसतात. ही जोडी दिसते छान. पण मीरा-भाईंदरमधील तारोडी, डोंगरी, उत्तन यांसारख्या किनाऱ्यालगतच्या गावांत तिची खरी परीक्षा होते. खारा वारा आणि पावसाळी दमटपणा यांत फळी धड असते, सांगाडाही धड असतो, पण त्यांना जोडणारा खिळा किंवा स्क्रू आधी गंजतो आणि त्याच्याभोवतीचे लाकूड काळे पडून ठिसूळ होते. असे का व्हावे? या प्रश्नाशी सर्वांत आधी झगडले ते जहाजे बांधणारे लोक. म्हणून घराचा विचार करण्यापूर्वी आपण थोडे गोदीत जाऊन येऊ.

१७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले. त्यांनी व त्यांच्या वंशजांनी मुंबईच्या गोदीत बांधलेली जहाजे सागाची असत. इंग्लंडमधील जहाजे तेव्हा ओक लाकडाची असत. ओकमध्ये टॅनिन भरपूर असते, शिवाय अ‍ॅसेटिक आम्लही असते. लाकूड ओले झाले की ही द्रव्ये त्यातील लोखंडी खिळ्यावर काम करू लागतात. खिळा झिजतो आणि लोह व टॅनिन यांचे काळे संयुग तयार होते. हे संयुग आपल्याला परके नाही. हिरडा आणि हिराकस यांपासून आपल्याकडे पूर्वी काळी शाई करीत, ती याच रासायनिक क्रियेने. सागात मात्र तेलकट द्रव्ये असल्याने पाणी सहज शिरत नाही आणि लोखंडाला त्याचा त्रास कमी होतो. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागाचे जहाज १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरले. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ते आजही जतन करून ठेवलेले आहे.

म्हणजे लाकूड कोणते, यावर लोखंडाचे आयुष्य ठरते. पण शेजारी आणखी एक धातू आला तर?

समुद्रातील काही जीव जहाजाचा तळ पोखरतात. त्यावर उपाय म्हणून १७६१ मध्ये ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला. सुमारे दोन वर्षांनी तपासणी झाली. लाकूड चांगले राहिले होते, पण तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे खाऊन गेले होते. गंमत अशी, की पत्रा ज्या कागदात गुंडाळून आला होता तो काही ठिकाणी मध्येच राहून गेला होता, आणि तेथील खिळे शाबूत होते! तांबे, लोखंड आणि खारे पाणी एकत्र आले की विद्युतघट तयार होतो व त्यात लोखंड झिजते, हे आज आपण जाणतो. तेव्हा ते कळण्याचा मार्ग नव्हता. व्होल्टाने आपला विद्युतघट जाहीर केला तो १८०० मध्ये.

पुढे १८२४ मध्ये हंफ्री डेव्हीने हेच तत्त्व उलट बाजूने वापरले. खाऱ्या पाण्यात तांब्याचा पत्राही झिजत असे. डेव्हीने त्याला लोखंडाचे व जस्ताचे तुकडे जोडले. ते तुकडे झिजले, तांबे वाचले. पण तांबे विरघळेनासे झाल्यावर त्याचे विषही पाण्यात येईना, आणि तळावर शिंपले व शेवाळ माजले. आरमाराच्या दृष्टीने उपाय फसला. तत्त्व मात्र टिकले. घरातील जस्ताचा मुलामा दिलेला खिळा त्याच तत्त्वावर चालतो: आधी जस्त झिजते, मग लोखंड.

आता घरी परतू. येथे आणखी एक अडचण असते. लाकूड ओलाव्याने फुगते, लोखंड उष्णतेने. ओली सागाची फळी पूर्ण वाळताना रुंदीत सुमारे ५ टक्क्यांपर्यंत आकसू शकते. उलट एक मीटर लांबीची लोखंडी पट्टी २० अंश सेल्सिअसने तापली, तरी पाव मिलिमीटरही वाढत नाही. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून बसवणारे कारागीर या फरकाचा उपयोग करून घेत. टेबलाच्या फळीबाबत मात्र या फरकाला वाव ठेवावा लागतो. सांगाड्यात स्क्रूसाठी गोल भोकाऐवजी लांबट खाच ठेवली, तर फळी तडकत नाही.

वर्गात दोन प्रयोग सहज करता येतील. हिरड्याची पूड कालवलेल्या पाण्यात एक लोखंडी खिळा आणि दुसऱ्या पेल्यात तसेच पाणी घेऊन स्टेनलेस स्टीलचा स्क्रू ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा रंग पाहा. तसेच मिठाच्या पाण्याच्या दोन पेल्यांत एकेक लोखंडी खिळा ठेवा. एका खिळ्याभोवती तांब्याची उघडी तार घट्ट गुंडाळा. काही दिवसांनी दोहोंची तुलना करा. मग विद्यार्थ्यांना शाळेतील जुनी बाके तपासायला सांगा. कोणते खिळे गंजले आहेत, त्यांच्याभोवतीचे लाकूड कसे आहे, ओल कोठून येते, हे त्यांना नोंदवू द्या. किनाऱ्यावर घर बांधणाऱ्याला सुतारापाशी नेमके हेच प्रश्न विचारावे लागतात.