आईच्या रक्ताची साक्ष

आपल्या जुन्या वैद्यकात दोन शब्द आढळतात, मृतवत्सा आणि काकवंध्या. जिची मुले जगत नाहीत ती मृतवत्सा, आणि जिला एक मूल होऊन पुढे होत नाही ती काकवंध्या. या शब्दांत रोगाचे वर्णन थोडे आणि बाईवरचा ठपका फार. पहिले मूल धडधाकट. दुसरे जन्मल्यावर हळदीसारखे पिवळे पडून दोन-चार दिवसांत गेलेले. तिसरे पोटातच गेलेले, असा क्रम आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिला होता. त्याची कारणे सटवाईपासून पूर्वजन्मीच्या पापापर्यंत सांगितली जात. अशा प्रत्येक घरी एकच रोग होता असे आम्ही म्हणत नाही; गरमी, हिवताप, उपासमार यांनीही मुले जात. परंतु नेमक्या याच क्रमामागचे एक मोठे कारण आईच्या रक्तात होते, आणि ते कळावयास विसाव्या शतकाचा मध्य यावा लागला. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

रोग जुनाच. फ्रान्सच्या राणीची सुईण लुईझ बूर्ज्वा हिने १६०९ साली अशा एका जुळ्याचे वर्णन करून ठेवले आहे. एक बाळ सर्वांगी सुजलेले, ते लगेच गेले. दुसरे पिवळे होऊन मागाहून गेले. ही सूज, ही कावीळ आणि नवजात बाळाचा पंडुरोग ही एकाच रोगाची रूपे आहेत, हे अमेरिकेत डायमंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले ते १९३२ साली, म्हणजे मध्ये तीनशेहून अधिक वर्षे गेली! पुढे १९३८ साली शिकागोच्या डॉ. रूथ डॅरो यांनी असे मांडले की, आईच्याच शरीरात बाळाच्या तांबड्या पेशींविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होत असली पाहिजेत. डॅरोबाईंनी हे दुःख स्वतः भोगलेले होते. तर्क बरोबर होता. पण पेशींतला कोणता घटक आईला परका वाटतो, हे त्यांना सांगता आले नाही.

त्याचा धागा न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात सापडला. १९३७ साली तेथे एका स्त्रीला मृत मूल झाले. रक्तस्राव झाल्यामुळे तिला नवऱ्याचे रक्त दिले. दोघांचाही गट ‘ओ’. म्हणजे त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे काही बिघडावयास नको होते. पण बाईला थंडी भरून आली, अंग ठणकू लागले, जीव धोक्यात आला. फिलिप लेव्हिन यांनी तिचा रक्तरस घेऊन ‘ओ’ गटाच्या इतर अनेकांच्या रक्ताशी मिसळून पाहिला, तो दर पाचांपैकी सुमारे चारांच्या पेशींच्या त्याने गुठळ्या केल्या. १९३९ साली लेव्हिन व स्टेटसन यांनी हा वृत्तांत छापला. पोटातल्या बाळाने बापाकडून एक घटक घेतला, तो आईत नव्हता, म्हणून आईचे रक्त त्याच्याविरुद्ध उभे राहिले, असा त्यांचा निष्कर्ष होता. एका बाईची एक प्रसूती आणि काचेवरच्या काही गुठळ्या, एवढ्यावरून काढलेला हा निष्कर्ष आम्हांस या सबंध इतिहासात सर्वांत धारदार वाटतो. घटकाला नाव देण्याचे तेवढे त्यांनी केले नाही. ते मिळाले १९४० साली, लँडस्टायनर व वीनर यांच्या माकडांवरून. उत्तर भारतात देवळांच्या आवारात दिसते तेच हे तांबड्या तोंडाचे ऱ्हीसस माकड. माकडातला घटक आणि माणसातला घटक एक नव्हेत, हे पुढे ठरले. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

आता पहिले मूल का वाचते? बाळाचे रक्त आईच्या रक्तात मुख्यत्वे प्रसूतीच्या वेळी, वार सुटताना, मिसळते. तोवर पहिले बाळ बाहेर आलेले असते. आईच्या शरीराने त्या वेळी घेतलेली ओळख पुढच्या बाळाला भोवते. युरोपीय लोकांत शंभरांत सुमारे पंधरा जणांत हा घटक नसतो. आपल्याकडे सुमारे पाचांत. पाच हा आकडा लहान वाटेल, पण आपल्या लोकसंख्येवर तो लावून पाहावा!

कारण कळले, तरी साक्ष वाचता येईना. पुष्कळ आयांच्या रक्तात प्रतिद्रव्ये असूनही काचेवर गुठळ्या होत नसत. ती पेशींना चिकटत, पण पेशी एकमेकींस चिकटवू शकत नसत. हा पेच सोडविला केंब्रिजच्या रॉबिन कूम्स यांनी, आणि हे गृहस्थ मूळचे पशुवैद्य! रात्रीच्या मंद दिव्याच्या आगगाडीत बसले असता त्यांना युक्ती सुचली असे सांगतात. प्रतिद्रव्य हेही शेवटी माणसाच्या रक्तातले एक प्रथिन. मग सशाला ते टोचून त्याच्याविरुद्धचे प्रतिद्रव्य सशाकडूनच करवून घ्यावे, म्हणजे ते दोन पेशींमध्ये पुलासारखे बसेल. १९४५ साली कूम्स, मूरंट व रेस यांनी ही कसोटी प्रसिद्ध केली. (यांतले रेस हे १९५२ साली मुंबईच्या डॉ. भेंडे यांच्याबरोबर ‘बाँबे’ रक्तगटाच्या शोधातही होते.)

येथून गरोदर बाईवर खरी नजर ठेवता येऊ लागली. तिचा रक्तरस दुप्पट, चौपट, आठपट असा पातळ करीत जावयाचे आणि कितव्या पातळीपर्यंत गुठळ्या होतात ते पाहावयाचे. साधारणतः सोळा किंवा बत्तीस पटींची पायरी गाठली की धोका समजावयाचा. आकडा चढू लागला तर लवकर प्रसूती करावी, बाळाचे सगळे रक्त बदलण्याची तयारी आधीच ठेवावी, असे बेत आखता येऊ लागले. तथापि आईचा आकडा म्हणजे बाळाची प्रकृती नव्हे. एकदा मूल दगावले असेल तर पुढच्या खेपेस या आकड्यावर भिस्त ठेवता येत नाही. म्हणून ऑकलंडच्या लायली यांनी १९६१ साली गर्भजलातल्या पिवळेपणावरून बाळाची स्थिती जोखण्याची पद्धत बसविली, आणि १९६३ साली तर पोटातल्या बाळालाच रक्त दिले. त्यात आईच्या पोटात सुई घालावी लागे. २००० साली अल्ट्रासाउंडची वाट सापडली. पंडुरोगी बाळाच्या मेंदूकडे रक्त अधिक वेगाने धावते. तो वेग बाहेरून मोजता येतो.

आईच्या रक्ताला विचारण्याजोगा दुसरा प्रश्न १९५७ साली निघाला. क्लाइहाउअर व सहकाऱ्यांनी रक्ताचा थर आम्लात धुतला, तेव्हा आईच्या पेशी फिकट झाल्या आणि बाळाच्या तेवढ्या रंगीत राहिल्या. बाळाचे किती रक्त आईत उतरले, हे आता मोजता येऊ लागले. हे मोजणे पुढे कामास आले. लिव्हरपूलचे क्लार्क (यांना फुलपाखरांच्या आनुवंशिकतेचे वेड) व फिन, आणि न्यूयॉर्कचे फ्रेडा, गॉर्मन व पोलॅक अशा दोन मंडळ्यांनी स्वतंत्रपणे तोड काढली. आईने प्रतिद्रव्ये बनविण्याआधीच तिला ती टोचावयाची, म्हणजे बाळाच्या पेशी नाहीशा होतात आणि तिच्या शरीराला ओळखच पटत नाही. १९६८ साली हे औषध अमेरिकेत परवान्यासह बाजारात आले. ३०० मायक्रोग्रॅमची एक मात्रा बाळाच्या ३० घनसेंटिमीटर रक्ताला पुरते. अधिक उतरले असेल तर अधिक टोचावे लागते. प्रसूतीनंतर ७२ तासांत टोचण्याचा नियम मात्र, न्यूयॉर्कच्या तुरुंगात कैद्यांवर प्रयोग चालले असता तुरुंगाधिकारी रोज आत सोडीत नसे, त्यावरून पडला असे म्हणतात!

शेवटचा टप्पा १९९७ सालचा. डेनिस लो यांनी दाखविले की गरोदर बाईच्या रक्तरसात बाळाच्या आनुवंशिक द्रव्याचे सुटे अंश तरंगत असतात. पुढच्याच वर्षी आईच्या रक्तावरून पोटातल्या बाळाचा ऱ्हीसस गट सांगता आला. डेन्मार्कने २०१० साली आणि नेदरलँड्सने २०११ साली ही तपासणी सर्व ऱ्हीसस-निगेटिव्ह आयांसाठी सुरू केली. तेथे दहांतील सुमारे चार आयांची बाळेही निगेटिव्ह निघतात, त्यांना टोचणी लागत नाही. आपल्याकडे तो घटक नसणारे लोकच कमी, त्यामुळे अशा आयांची बहुतेक बाळे पॉझिटिव्ह असतात आणि टोचणी वाचण्याचे प्रमाण कमी पडेल. आपल्याला अधिक उपयोगाची आहे ती नाव नोंदवितानाची जुनी, स्वस्त तपासणी, आणि तिच्याबरोबरचे दोन प्रश्न: मागे कधी गर्भ पडला होता काय, आणि कधी रक्त घेतले होते काय? घरची माणसे जवळ बसली असता पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा खरे मिळत नाही, म्हणून तो बाईला एकटीला विचारावा.