सुरतेच्या पाव-भट्ट्या आणि हवेची झडप

सुरत म्हटले की मराठी वाचकाला १६६४ आणि १६७० ची लूट आठवते. पहिल्या लुटीच्या वेळी इंग्रज आणि डच यांनी आपापल्या वखारी राखल्या. त्यांतली डचांची वखार या शहराच्या खाण्यापिण्यावर वेगळीच खूण ठेवून गेली. डचांनी सुरतेत १६१६ मध्ये बस्तान बसवायला सुरुवात केली. गव्हाचा फुगवलेला पाव हा त्यांचा रोजचा आहार होता, त्यामुळे त्यांना विटांची भट्टी आणि ती चालवणारे हात लागत. १८२४ च्या इंग्रज-डच तहानुसार भारतातली डच ठाणी इंग्रजांकडे गेली आणि पुढच्या वर्षी सुरतेचाही ताबा सुटला. जाताना डचांनी आपल्या भट्ट्या पदरच्या पारशी कामगारांच्या हाती सोपवल्या, अशी परंपरागत कथा आहे. फरामजी पेस्तनजी दोटीवाला यांच्या नावाने चाललेली बेकरी आपली स्थापना १८६१ ची सांगते. तहानंतर पस्तीसहून अधिक वर्षांनी हे साल येते, तेव्हा कथेतला दुवा वाटतो तितका सरळ नसावा. पण युरोपीय पावाचे तंत्र पारशी भटारखान्यांतून सुरतेत टिकले, एवढे त्यावरून नक्की कळते. पीठ फुगवायला त्या काळी यीस्ट मिळत नसे. दक्षिण गुजरातच्या किनारपट्टीवर ताडी मुबलक होती, तिनेच ते काम भागले.

या जुन्या पद्धतीच्या भट्टीत विस्तव आणि पाव यांची जागा एकच असते. जाड विटांच्या घुमटाखाली लाकडे पेटवायची, विटा तापल्या की निखारे आणि राख ओढून काढायची, फरशी ओल्या पोत्याने पुसायची आणि मग लांब दांड्याच्या फळीवरून पाव आत सरकवायचे. त्यानंतर नवी उष्णता मिळत नाही, विटांत साठलेली हळूहळू ओसरत जाते. मालाचा क्रम या ओसरत्या तापावरच ठरतो. कडक आचेत पाव आधी भाजले जातात. ताप उतरला की तुपा-साखरेची नानखटाई जाते, कारण ती कडक आचेत वरून करपते आणि आतून कच्ची राहते. शेवटी उरलेल्या मंद उबेत वाळवायचा माल, म्हणजे सुरती बटासा. तो मुळात न खपलेल्या पावाचे वाळवलेले रूप म्हणून सुरू झाला, असे सांगतात. कोरडा आणि पचायला हलका म्हणून आजाऱ्यांनाही तो दिला जाई. एका पेटवणीच्या लाकडात तीन प्रकारचा माल निघतो आणि शिळा पावही वाया जात नाही. सुरतेच्या बेकरीचा हिशेब असा भट्टीच्या तापावर बसलेला आहे.

हा ताप हातात ठेवण्याची साधने दोनच: भट्टीचे तोंड झाकणारे दार आणि धुरांड्यातला सरकता किंवा फिरता पत्रा, म्हणजे झडप. पेटवताना दोन्ही उघडी हवीत. गरम धूर हलका होऊन वर चढतो आणि त्याच्या ओढीने ताजी हवा दाराकडून लाकडापर्यंत येते. विस्तव काढल्यावर दोन्ही बंद करावी लागतात, नाहीतर तीच ओढ विटांतली उष्णता धुरांड्यातून बाहेर नेते. दार डोळ्यांसमोर असल्यामुळे त्याची काळजी आपोआप घेतली जाते. झडप धुरांड्याच्या आत असते आणि तीच अडकते.

अडकण्याची कारणे तीन. ओले लाकूड अर्धवट जळले की त्याच्या धुरातला चिकट अंश थंड पत्र्यावर डांबरासारखा बसतो. पावसाळ्यातल्या बाभळीच्या लाकडाने हे हमखास होते. दुसरे कारण गंज. खाडी आणि समुद्राजवळच्या दमट हवेत भट्टी काही दिवस थंड राहिली तरी बिजागरी धरते. तिसरे म्हणजे पातळ पत्रा तापून वाकडा होतो आणि खाचेत रुततो. उघडी अडकलेली झडप भट्टीचा ताप घालवते, त्यामुळे बटासा ओलसर राहतो. बंद अडकलेली झडप जास्त घातक. धूर खोलीत येतो तो दिसतो तरी, पण निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना त्याला वास असतो.

दुरुस्ती भट्टी पूर्ण थंड झाल्यावरच करतात. दांडा जोराने पिळला तर तो पत्र्यापासून तुटतो, म्हणून आधी हलके ठोके देऊन थर सैल करतात. मग झडप काढून तारेच्या ब्रशने घासतात, वाकलेला पत्रा ठोकून सरळ करतात आणि कडा किंचित कानशीने घासून तापल्यावर फुगायला जागा ठेवतात. तेल घालण्याचा मोह आवरावा. ते जळून नवा चिकट थर बनवते. ग्रॅफाइटची कोरडी भुकटी तापात टिकते. पत्र्यात एक भोक ठेवले की झडप चुकून बंद राहिली तरी थोडा वायू बाहेर जातो.

घरगुती चुलीच्या इतिहासातही ही झडप येते. वर्ध्याच्या मगनवाडीशी जोडलेली मगन चूल १९४७ च्या सुमारास पुढे आली. १९५३ मध्ये हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या चुलीवर पुस्तिका लिहिली आणि त्यांच्या चुलीत धुरांड्याबरोबर हवा कमी-जास्त करणारा धातूचा पत्राही होता. मातीच्या चुलीत असा पत्रा बसवणे सोपे असते, पण स्वयंपाकाच्या घाईत तो दर वेळी हलवणे आणि वेळच्या वेळी साफ करणे अवघड.

पुन्हा बेकरीच्या भट्टीकडे वळायचे तर, मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. गॅस किंवा विजेच्या भट्टीत ताप बटणाने ठरतो, त्यामुळे झडपेचा त्रास उरत नाही. मात्र तिच्या पातळ भिंतींत विटांच्या घुमटाइतकी उष्णता साठत नाही, म्हणून वाळवणीसाठी पुन्हा इंधन खर्चावे लागते.