थकीत पोटगी आणि मालमत्तेवरील बोजा : अपत्यांच्या निर्वाहहक्काचा ऐतिहासिक मागोवा

शेतजमिनीच्या उताऱ्यावर विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढलेला असला, की त्या जमिनीचा व्यवहार सुखासुखी होत नाही, हे खेड्यातील प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असते. मात्र पित्याने आपल्याच अपत्याच्या निर्वाहाची रक्कम वर्षानुवर्षे थकविली, तर तिची नोंद त्या उताऱ्यावर आपोआप होत नाही. सोसायटीच्या येण्याला जे संरक्षण आहे, ते अपत्याच्या येण्याला का नसावे? या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. मुस्लिम समाजातील पोटगीची चर्चा १९८५ पासून प्रामुख्याने घटस्फोटित स्त्रीभोवती फिरत राहिली. त्या गदारोळात अपत्यांचा स्वतंत्र हक्क आणि त्याच्या वसुलीचे साधन हे दोन्ही विषय मागे पडले. प्रस्तुत निबंधात त्यांचाच मागोवा घेतला आहे.

फिक्हमधील भूमिका

अपत्याचा नफका, म्हणजे अन्न, वस्त्र व निवारा यांचा खर्च, ही पित्याची जबाबदारी होय, याविषयी इस्लामी धर्मशास्त्रात मतभेद नाही. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत आणि सूरह तलाकच्या सहाव्या आयतीत तिचा आधार सापडतो. हनफी मतानुसार मुलगा वयात येईपर्यंत आणि मुलगी विवाहित होईपर्यंत ही जबाबदारी टिकते. पिता निर्धन आणि माता सधन असेल, तर मातेने खर्च करावा; परंतु तो पित्यावरील कर्ज समजला जातो आणि ऐपत आल्यावर त्याने फेडावयाचा असतो.

थकबाकीच्या बाबतीत मात्र पंथांमध्ये फरक दिसतो. हनफी मतात पत्नीचा मागील काळाचा नफका काजीचा हुकूम किंवा उभयतांतील करार असल्याशिवाय मागता येत नाही. शाफई मतात तो हुकमाविनाही पतीवरील कर्ज ठरतो. कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफई असल्याने हा भेद आपल्याकडे केवळ ग्रंथातला नाही. अपत्याच्या मागील नफक्याला मात्र सामान्यतः काजीच्या आदेशाची जोड लागते. थकबाकीचा हक्क टिकविण्यासाठी वेळीच दाद मागणे आवश्यक ठरते, ते यामुळेच.

बाराव्या शतकात बुरहानुद्दीन मर्गीनानी यांनी रचलेल्या 'हिदाया'तील एक तरतूद येथे विशेष महत्त्वाची आहे. या ग्रंथाचा चार्ल्स हॅमिल्टन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १७९१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कंपनी सरकारच्या न्यायालयांत तो प्रमाण मानला गेला. पती परागंदा असेल आणि त्याची मालमत्ता दुसऱ्याच्या ताब्यात असेल, तर त्या व्यक्तीने ठेव आणि नाते मान्य केल्यावर काजी त्या मालमत्तेतून पत्नी, अज्ञान अपत्ये व आईवडील यांचा नफका लावून देतो. पत्नीकडून त्यासाठी जामीन घेतला जातो. मात्र निर्वाहासाठी परागंदा माणसाची मालमत्ता विकण्याची मुभा तेथे नाही. व्यक्ती हाती लागत नसेल तर तिच्या मालमत्तेकडे वळावे, हे तत्त्व अशा रीतीने फिक्हला परिचित होते. त्याची मर्यादाही तेथेच आखलेली होती.

इंग्लंडचा वारसा

भारतातील पोटगीची फौजदारी तरतूद मात्र फिक्हमधून आली नाही. तिचे मूळ इंग्लंडच्या दरिद्री कायद्यांत आहे. १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या पोषणाचा भार पॅरिशवर, म्हणजे स्थानिक धर्मप्रभागावर, टाकला होता. पुरुष घर सोडून गेला की बायकामुलांचा खर्च गावाच्या माथी येई. १७१८ च्या कायद्याने यावर उपाय योजला. दोन न्यायाधिकाऱ्यांच्या हुकमाने पॅरिशचे अधिकारी पळून गेलेल्या पुरुषाचे सामान जप्त करू शकत आणि त्याच्या जमिनीचे उत्पन्नही वसूल करू शकत. अपत्यपोषणासाठी सरकारी यंत्रणेने मालमत्तेवर हात टाकण्याचे हे एक ठळक प्रारंभीचे उदाहरण होय. परंतु त्याचा हेतू मुलाचा हक्क सांभाळण्यापेक्षा पॅरिशची तिजोरी सांभाळण्याचा होता.

हाच दृष्टिकोन भारतात आला. १८७२ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे प्रमुख शिल्पकार जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी पोटगीच्या तरतुदीकडे भटकेपणा व त्याचे दुष्परिणाम रोखण्याचा उपाय म्हणून पाहिले. पुढे १८९८ च्या संहितेत हीच तरतूद कलम ४८८ म्हणून आली. धर्म न पाहता ती सर्वांना लागू होती. मात्र रकमेला कमाल मर्यादा होती. ती १९५५ मध्ये दरमहा ५०० रुपये झाली आणि १९७३ च्या संहितेच्या कलम १२५ मध्येही कायम राहिली. काही राज्यांनी आपापल्या दुरुस्त्यांनी ती वाढविली, परंतु केंद्रीय कायद्यातून ती २००१ मध्येच नाहीशी झाली.

वसुलीची यंत्रणाही दंडाच्या वसुलीवरून बेतलेली होती. कलम १२५ च्या तिसऱ्या पोटकलमानुसार दंडाधिकारी थकबाकीसाठी वॉरंट काढू शकत असे आणि तरीही रक्कम न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीबद्दल एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकत असे. कलम ४२१ प्रमाणे वॉरंट दोन प्रकारचे होते : जंगम मालमत्तेची जप्ती व विक्री, किंवा जंगम अथवा स्थावर मालमत्तेतून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करण्याचा जिल्हाधिकाऱ्याला दिलेला अधिकार. म्हणजे जमिनीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग कायद्यात होता. परंतु रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करणे बंधनकारक होते आणि प्रत्येक वेळी स्त्रीला नव्याने न्यायालयाचे दार ठोठवावे लागे. कैद भोगली म्हणजे देणे फिटले, असा समजही रूढ होता. कुलदीप कौर खटल्यात १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खोडून काढला : कैद हे वसुलीचे साधन आहे, देण्याची फेड नव्हे.

इंदूरचा खटला आणि त्यानंतर

एप्रिल १९७८ मध्ये शाहबानो यांनी इंदूरच्या दंडाधिकाऱ्याकडे दरमहा ५०० रुपयांची मागणी केली. १९७९ मध्ये २५ रुपये मंजूर झाले. १९८० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम केला. त्यानंतरच्या वादळातून १९८६ चा मुस्लिम महिला कायदा जन्माला आला. मूळ खटला अपत्यांच्या पोटगीचा नव्हता. परंतु नव्या कायद्यात अपत्यांचा उल्लेख आला. घटस्फोटित माता मुलांना सांभाळत असेल, तर त्यांच्या जन्मापासून दोन वर्षांपर्यंत तिला पूर्वपतीकडून रक्कम मिळावी, अशी ती तरतूद होती. दोन वर्षांनंतर मुलांची जबाबदारी संपते, असा युक्तिवाद यावरून केला जाऊ लागला आणि काही न्यायालयांनी तो स्वीकारलाही.

१९९७ मध्ये नूर सबा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा गोंधळ दूर केला. दोन वर्षांची रक्कम हा मातेचा हक्क आहे. कलम १२५ खालील पोटगी हा अपत्याचा स्वतंत्र हक्क आहे आणि १९८६ च्या कायद्याने तो बाधित होत नाही, असा हा निर्णय होता. मुस्लिम कायद्यातील पित्याच्या जबाबदारीचाही त्यात आधार घेतला होता. शाहबानो निकालाइतकी चर्चा या निकालाची झाली नाही. अपत्यांच्या दृष्टीने मात्र तो अधिक मोलाचा होता.

अमेरिकेतील बोजाचा प्रयोग

मालमत्तेवरील बोजा हे साधन सर्वाधिक व्यापक स्वरूपात अमेरिकेत वापरले गेले. जानेवारी १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या स्वाक्षरीने अपत्यपोषण वसुलीची संघराज्यीय योजना अस्तित्वात आली. सरकारी साहाय्य घेणाऱ्या मातेला पोटगीचा हक्क राज्याच्या नावे करून द्यावा लागे. त्यामुळे वसूल झालेली रक्कम पुष्कळदा मुलाऐवजी तिजोरीत जाई. १७१८ च्या पॅरिशचाच हा नवा अवतार होता. १९८४ च्या दुरुस्तीने पगारातून कपात आणि स्थावर-जंगम मालमत्तेवर बोजा या पद्धती राज्यांना बंधनकारक केल्या. १९८६ मध्ये प्रत्येक थकीत हप्त्याला न्यायालयीन हुकुमनाम्याचे बळ मिळाले. १९९६ च्या कायद्याने थकबाकी होताच कायद्याच्या बळावरच बोजा निर्माण व्हावा आणि एका राज्याचा बोजा दुसऱ्या राज्याने मानावा, अशी तरतूद केली.

या पद्धतीचे बलस्थान असे, की पिता कोठेही असला तरी घर विकताना किंवा त्यावर नवे कर्ज काढताना त्याला आधी अपत्याचे देणे भागवावे लागते. तिचे दोषही उघड झाले. ज्याच्याजवळ घरच नाही, त्याच्यावर बोजा कशावर चढविणार? अशा निर्धन पित्यांची थकबाकी फुगत गेली आणि काहींच्या वाट्याला कैद आली. टर्नर खटल्यात २०११ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कैदेपूर्वी ऐपतीची योग्य चौकशी होण्यावर भर दिला. २०१६ च्या संघराज्यीय नियमांनीही तोच धागा पुढे नेला. ऐपत आल्यावरच फेड, हे फिक्हचे तत्त्व येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

समारोप

रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात २०२० मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने उभय पक्षांनी मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक ठरविले, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे सांगितले आणि आदेशाची अंमलबजावणी पैशाच्या हुकुमनाम्याप्रमाणे, जप्तीसह, करता येईल हे स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून कलम १२५ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली. त्याच महिन्यात तेलंगणातील एका खटल्यात घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही कलम १२५ चा मार्ग खुला असल्याचा निर्वाळा मिळाला.

हक्काविषयीचा वाद अशा रीतीने बराचसा मिटला आहे. वसुलीचा प्रश्न शिल्लक आहे. पिता आखातात नोकरीला आणि घर गावात, अशा कुटुंबात कैदेची धमकी निरुपयोगी ठरते. गावातील घर मात्र जागेवरच असते. जिल्हाधिकाऱ्यामार्फत वसुलीचा मार्ग नव्या संहितेच्या कलम ४६१ मध्येही कायम आहे. न्यायालय हुकुमनाम्यानेही मालमत्तेवर भार निर्माण करू शकते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ३९ सांगते, की स्थावर मालमत्तेच्या उत्पन्नातून निर्वाह मिळण्याचा हक्क, त्याची माहिती असलेल्या किंवा फुकट घेणाऱ्या नव्या मालकावरही बजावता येतो. अजाणतेपणी मोल देऊन घेणाऱ्यावर मात्र नाही. म्हणूनच आदेश होऊन कागद घरात राहण्यापेक्षा त्याची माहिती अभिलेखात उतरणे महत्त्वाचे आहे. तीन शतकांपूर्वीच्या इंग्रजी कायद्याने मालमत्तेकडे पाहिले ते पॅरिशचा खर्च वाचविण्यासाठी. काजीने पाहिले ते अपत्याचा घास वाचविण्यासाठी. आजच्या कायद्याला साधने दोघांचीही उपलब्ध आहेत. ती वापरताना हेतू मात्र दुसऱ्याचाच ठेवावा लागेल.